थंडी, खोकला आणि शिरक्याची बरणी

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

दिवाळी सरली की आमच्या भिवंडीत थंडी पडते असे म्हणण्याची पद्धत आहे. नाशिकच्या किंवा महाबळेश्वरच्या माणसाला ही थंडी दाखविली तर तो हसेल. पण पहाटे कामवारी नदीच्या बाजूने धुके उतरते, त्यात रस्त्याची धूळ आणि सायझिंगच्या चिमण्यांचा धूर मिसळतो आणि आठ-दहा दिवसांत चाळीतल्या खोल्याखोल्यांतून खोकल्याचा आवाज येऊ लागतो. यंत्रमागांची खडखड रात्रंदिवस कानावर असल्यामुळे आम्हा भिवंडीकरांना बारीकसारीक आवाज ऐकू येत नाहीत असे पाहुणे म्हणतात. भिंतीपलीकडचा खोकला मात्र आम्हाला बरोबर ऐकू येतो. कोण खोकते आहे हेही ओळखता येते.

खोकला झालेल्या माणसाला औषध सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नसते. कुणी हळद-दूध सांगतो, कुणी मिठाच्या गुळण्या, कुणी ओव्याची पुरचुंडी. वाचकांपैकी प्रत्येकाच्या घरी असे एखादे ‘हमखास’ औषध असणारच. मी या लेखात ज्या औषधाविषयी लिहिणार आहे ते आमच्या घरचे मूळचे नव्हे. ते शेजारून आले. ते म्हणजे शिरक्यात आले, लसूण, मिरी मुरवून, त्यात मध घालून केलेले पेय. ते कसे करावे, त्याने काय होते आणि काय होत नाही, हे मला नीट सांगायचे आहे. कारण यातला शेवटचा भाग आमच्या घराला फार महागात पडला.

प्रथम आमच्या मूळ औषधाविषयी. माझे वडील शहापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून भिवंडीत माग चालवायला आले. आजी अजून गावीच असते. तिच्या हाती हिवाळ्यात एकच औषध, ते म्हणजे काढा. गवती चहा, आले, तुळस, मिरी, दालचिनी आणि परसातल्या अडुळशाची दोन-तीन पाने पाण्यात घालायची आणि चार पेल्यांचा एक पेला होईपर्यंत उकळायचे. तो इतका कडू लागतो की भावंडांपैकी जो आधी पिईल त्याला गुळाचा मोठा खडा मिळे. अडुळशाला आपण गावठी औषध म्हणून नाक मुरडतो, पण त्याच्या पानांतल्या ‘वासिसीन’ नावाच्या द्रव्यावरून पुढे ‘ब्रोमहेक्झिन’ हे औषध तयार झाले आणि खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ते नाव छापलेले असते. तेव्हा आजीचा काढा अगदीच वाऱ्यावरचा नाही. मात्र गरोदर बाईला अडुळसा देऊ नये, हे आजीलाही ठाऊक आहे आणि डॉक्टरही तेच सांगतात. २०२० साली करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयानेही तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदोनदा घ्यावा असे सुचविले होते. लोकांनी तो दिवसातून सहा वेळा घेतला आणि आमच्या चाळीत निम्म्या लोकांना जळजळ सुरू झाली, ही गोष्ट वेगळी.

शिरका आला तो खालाकडून. खालाचे कुटुंब आझमगढकडचे. भिवंडीत मागावर काम करणाऱ्यांत तिकडून आलेले लोक पुष्कळ आहेत, तसेच तेलंगणातून आलेले पद्मशालीही. २०२० च्या टाळेबंदीत माग बंद पडले तेव्हा खालाचे घर गावी गेले आणि वर्षभराने परत आले. परत येताना सामानात एक काचेची बाटली होती. चिंध्यांत गुंडाळलेली, आत तपकिरी पाणी आणि तळाशी काहीतरी लिबलिबीत. आईला वाटले, तेल असावे. खाला म्हणाली, “सिरका है बहन, गाँव का. इसी से यहाँ भी बन जाएगा.” दही लावायला जसे विरजण, तसा हा शिरक्याचा विरजणाचा साठा तिने रेल्वेच्या गर्दीतून सांभाळून आणला होता.

आपल्या मराठी स्वयंपाकघरात शिरक्याला जागा नाही. आंबटासाठी आपल्याला चिंच आहे, आमसूल आहे, कैरी, लिंबू, ताक आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत शुक्त आणि कांजी अशी आंबवलेली द्रव्ये सांगितली आहेत, पण घराघरांतून ती नाहीशी झाली. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत मात्र शिरका नेहमीचा. गोव्यात तो माडाच्या सुरेपासून करतात. विंदालू हे नावच मुळी मद्य आणि लसूण यांच्या पोर्तुगीज शब्दांवरून आले आहे. इकडे मद्याची जागा शिरक्याने घेतली. आणि शिरका हा आपला शब्द फारसीतून आला. या एका शब्दाच्या पाठीमागे लागल्यावर मला आणखी एक गंमत कळली. उन्हाळ्यात उत्तर हिंदुस्थानी लोक जी ‘शिकंजी’ पितात ते मूळचे ‘सिकंजबीन’, म्हणजे सिरका अधिक अंगबीन. अंगबीन म्हणजे मध. युनानी वैद्यकात हे सिकंजबीन फार जुने. युनानी म्हणजे ग्रीक. आणि ग्रीकांकडे याच मिश्रणाला ‘ओक्सिमेली’ म्हणत, त्याचाही अर्थ आंबट अधिक मध. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या तीव्र आजारांवरील ग्रंथात छातीतला कफ सुटावा म्हणून ते द्यावे असे सांगितले आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये जे देत होते, ते अरब आणि इराणी हकिमांच्या हातून आझमगढला पोहोचले आणि तिथून आमच्या चाळीच्या गॅलरीत. इतिहासाच्या पुस्तकात ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ असा धडा असतो. तो मला या बाटलीने जास्त चांगला शिकविला.

आता कृती. आधी शिरका आणि मग त्यात औषधी मुरवणे, असे दोन टप्पे आहेत. ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी बाजारातला आंबवून केलेला शिरका आणावा आणि पुढच्या टप्प्यावर उडी मारावी. नुसत्या ॲसिटिक ॲसिडात पाणी घालून केलेला ‘सिंथेटिक’ शिरका स्वस्त मिळतो, तो यासाठी घेऊ नये; बाटलीवरची चिठ्ठी वाचून पाहावी.

गुढीपाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत कधीही उसाचा चार लिटर ताजा रस आणायचा. रसवंतीवाल्याला आधीच सांगून ठेवावे लागते, कारण तो सवयीने त्यात बर्फ, लिंबू आणि आले टाकतो. बर्फ पडला की रस पातळ झाला आणि शिरका कच्चा राहिला. खालाचे हे पहिले बजावणे होते: “बर्फ मत डलवाना, बेटी.” मी पहिल्या वर्षी विसरले आणि परत गेले, तर रसवंतीवाला म्हणाला की बिनबर्फाचा चार लिटर रस नेणारे गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिले.

रस गाळून काचेच्या मोठ्या बरणीत भरायचा. वर चौथा हिस्सा जागा मोकळी ठेवायची. खालाच्या गावी मातीचे मडके वापरतात. पण आतून चकचकीत रंग दिलेली स्वस्त भांडी वापरू नयेत, त्या लुकणात शिसे असले तर आंबट पदार्थात उतरते. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम तर मुळीच नको. तोंडाला झाकण लावायचे नाही. धुतलेल्या सुती कापडाचा दुहेरी तुकडा बांधायचा. आमच्याकडे कापडाचा तुटवडा कसला! ग्रे कापडाची कापलेली टोके घरात नेहमी पडलेली असतात.

दोन-तीन दिवसांत रस फसफसू लागतो. हवेतले आणि उसाच्या कांड्यावरचे किण्व त्यातली साखर खाऊन तिचे मद्य करतात. या आठवड्यात बरणीला असा वास येतो की जाणारायेणारा माणूस दारात थबकतो. पहिल्या वर्षी मजल्यावरच्या एका काकांनी वडिलांना बाजूला घेऊन विचारले होते, “काय हो, घरी काय लावलंय?” फेस बसला की वरचे नितळ पाणी दुसऱ्या बरणीत ओतून घ्यायचे, तळाचा गाळ टाकून द्यायचा आणि त्यात जुना शिरका साधारण चौथा हिस्सा मिसळायचा. येथून पुढचे काम दुसऱ्या जंतूंचे. ते मद्यावर हवेतला प्राणवायू वापरून त्याचे आम्ल करतात. फ्रान्समध्ये लुई पाश्चर याने ही गोष्ट प्रयोगाने दाखवून दिली आणि १८६८ साली शिरक्यावर एक स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. पाण्यावर दुधाच्या सायीसारखा एक पापुद्रा धरतो, ती याच जंतूंची वसाहत. बाटलीच्या तळाशी पाहिलेले लिबलिबीत हेच. ती साय टाकायची नसते, हलवायचीही नसते.

माझी पहिली बरणी वाया गेली. चिलटे येतात म्हणून मी कापडावर प्लॅस्टिकचे घट्ट झाकण लावले. हवा न मिळाल्याने शिरक्याचे जंतू काम करीनात, आणि महिन्याने उघडून पाहिले तर पाण्याच्या कडेने हिरवी-काळी लोकरीसारखी बुरशी. साय आणि बुरशी यातला फरक असा की साय पांढरट, गुळगुळीत आणि एकसंध असते. बुरशी केसाळ आणि रंगीत असते. बुरशी आली की वरवर काढून भागत नाही, सगळे ओतून द्यावे. चार लिटर रसाचे पैसे मोरीतून वाहून जाताना आई काही बोलली नाही, तेच जास्त लागले.

नीट जमले तर दोन-अडीच महिन्यांत, म्हणजे नागपंचमीच्या सुमारास, मद्याचा वास जाऊन नाकात झणझणणारा वास येतो. मग गाळून बाटल्यांत अगदी गळ्यापर्यंत भरायचा आणि आता मात्र बूच घट्ट लावायचे. हवा मिळत राहिली तर तेच जंतू स्वतः केलेले आम्लही खाऊन संपवितात आणि शिरक्याचे पाणी होते.

शिरका पुरेसा तीव्र झाला की नाही हे जिभेने कळते असे खाला म्हणते. माझा जिभेवर तेवढा विश्वास नाही. बाजारात विकायच्या शिरक्यात निदान पावणेचार टक्के ॲसिटिक आम्ल असावे असा आपल्याकडे अन्नपदार्थांचा नियम आहे. विज्ञान शाखेतल्या एका मैत्रिणीच्या पाठीस लागून मी आमच्या शिरक्याचे टायट्रेशन करवून घेतले. शिरक्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकायचे आणि वरून कॉस्टिक सोड्याचे पाणी थेंब थेंब सोडायचे. ज्या थेंबाला गुलाबी रंग टिकला तिथे थांबायचे. गणित केल्यावर उत्तर चार टक्क्यांच्या आसपास आले. खालाला सांगितले तर म्हणाली, मी तेच तर सांगत होते. कला शाखेच्या मुलीने प्रयोगशाळेत काय करायचे आहे असा प्रश्न तिथे एकाने विचारला होता, त्यालाही हे उत्तर पुरले असावे.

दुसरा टप्पा नवरात्रात सुरू करावा, म्हणजे दिवाळीपर्यंत औषध तयार होते. अर्धा लिटर शिरक्याला आले शंभर ग्रॅम, सोललेला लसूण पन्नास ग्रॅम, मिरी एक चमचा भरड कुटून, बोटभर दालचिनी, हळकुंडाचा लहान तुकडा ठेचून आणि मूठभर तुळशीची पाने. आले धुऊन पुसून ठेचावे. तुळस धुऊन एक दिवस सावलीत सुकवावी. ओली पाने घातली तर शिरका पातळ होतो. खाला यात दोन सुक्या लाल मिरच्याही टाकते. आईने त्या काढल्या, कारण वडिलांना त्रास होतो. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत सगळे घालून वरून शिरका असा ओतायचा की एकही पान वर उघडे राहता कामा नये. पत्र्याच्या झाकणाला आम्लाने गंज चढतो, म्हणून मध्ये कागद किंवा प्लॅस्टिक घालावे. बरणी उन्हात ठेवू नये, फडताळात ठेवावी आणि येताजाता रोज एकदा हलवावी. तीन-चार आठवड्यांनी फडक्यातून पिळून गाळावी आणि त्यात पाव किलो मध मिसळावा. मध मिसळून उकळायचे नाही.

घेताना दोन लहान चमचे एक कप कोमट पाण्यात, दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर. निव्वळ कधीच घ्यायचे नाही. आमच्या धाकट्याने शूरपणा दाखविण्यासाठी एकदा निव्वळ घोट घेतला आणि संध्याकाळपर्यंत त्याला बोलता येईना. नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास दात घासू नयेत, कारण आम्लाने दातांवरचे कवच मऊ पडते. ज्यांना आम्लपित्त किंवा पोटात व्रण आहे त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. मूत्रपिंडाचे दुखणे असेल किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये. त्यातून त्या वयात बॉट्युलिझम नावाची घातक विषबाधा होऊ शकते. जिभेवर मध लावण्याची रीत आपल्याकडे असल्यामुळे हे मुद्दाम लिहिले.

युनानी औषधांत रानकांद्याच्या जातीच्या कंदाचेही सिकंजबीन असते, त्याला उन्सुली म्हणतात आणि ते दम्या-खोकल्यासाठी देतात. आपल्या कोकणपट्टीत रानकांदा, कोळकांदा या नावाने त्याचा भाऊबंद उगवतो. तो विषारी आहे, हृदयाची गती बिघडवतो. ज्याचे मोजमाप हकिमालाच जमते ते घरच्या बरणीत घालण्याच्या फंदात कुणी पडू नये.

आता याने होते काय? सर्दी-पडसे बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते. सर्दी करणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत, आणि ते नाकाघशाच्या पेशींच्या आत शिरून वाढतात. बरणीत शिरका जंतूंना जगू देत नाही हे खरे, म्हणून तर लोणची टिकतात. पण कपभर पाण्यातले दोन चमचे घशावरून उतरताना पेशींच्या आतल्या विषाणूंना काही करू शकत नाहीत. सर्दी सात ते दहा दिवसांत आपली आपण जाते. मधाने खोकल्याची उबळ थोडी कमी होते, याला मात्र वैद्यकीय चाचण्यांचा आधार आहे. आले-मिरीच्या तिखटाने नाक वाहते आणि मोकळे होते, कोमट पाण्याने घसा शेकतो, आंबटाने लाळ सुटते. आणि कुणीतरी आपल्यासाठी उठून पाणी गरम केले याचेही बरे वाटते. एवढे मिळते. दुखणाऱ्या घशाला हे थोडे नाही, म्हणून तर आम्ही अजून ते करतो.

पण बरे वाटणे आणि बरे होणे यांत अंतर असते. २०२३ च्या नोव्हेंबरात वडिलांना खोकला लागला तेव्हा मी बारावीत होते. त्या वर्षी प्रथमच शिरका मला साधला होता. वडिलांची रातपाळी, बारा तासांची. सकाळी ते घरी आले की मी कॉलेजला निघण्यापूर्वी कप त्यांच्या हातात देत असे. घोटभर प्यायले की उबळ थांबायची. “पोरीच्या औषधाला गुण आहे,” असे ते मागावरच्या लोकांना सांगत आणि तिथून दोघेतिघे बाटली मागायला आले. मला किती अभिमान वाटला असेल याची वाचकांनी कल्पना करावी. आमच्या घरात आजवर कुणी दहावीच्या पुढे गेले नव्हते, आणि शिकलेल्या मुलीने काहीतरी केले म्हणून लोक दारात येत होते.

मग पौष आला तरी खोकला होताच. संध्याकाळी अंग कसकसायचे. त्यांचा सदरा खांद्यावरून ओघळू लागला, तो आईने दोन्ही बाजूंनी टाके घालून आत घेतला. एका खाजगी दवाखान्यात दोनदा नेले. दोन्ही वेळा हवेचा खोकला म्हणून बाटली आणि गोळ्या मिळाल्या. मागावरच्या माणसाला खोकला असायचाच, असे तिथेही म्हटले गेले आणि आम्हीही तेच म्हणत होतो. सुताच्या धुळीने छाती भरते हे खोटे नाही. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात अंबाडी आणि जवसाचे तंतू पिंजणाऱ्यांचा खोकला वर्णिलेला आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या विकाराला ‘बिसिनोसिस’ म्हणतात. तो सूतगिरण्यांत पिंजणाऱ्या खात्यात जास्त आढळतो, आणि सुटीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे ही त्याची खूण. पण वडिलांना सुटीच्या दिवशीही खोकला तितकाच होता. हे मला दिसत होते. मी त्याचा अर्थ लावला नाही. मी कपात तीन चमचे घालू लागले.

सातव्या आठवड्यात थुंकीत रक्ताची तार दिसली. त्याच सुमारास घरोघर पाहणी करीत आलेल्या आशाताईंनी दारातच विचारले, खोकला किती दिवसांचा? आईने सांगितल्यावर त्या आत येऊन बसल्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असला की थुंकी तपासायची, त्यासाठी पैसे लागत नाहीत, एवढेच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात थुंकी दिली, छातीचा फोटो काढला. क्षय निघाला.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला. त्यावर औषधे निघाली त्यालाही पाऊणशे वर्षे होऊन गेली. तरी जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. बंद खिडक्यांच्या कारखान्यात माणसे खांद्याला खांदा लावून काम करतात आणि एका खोलीत पाळीपाळीने झोपतात, तिथे एका माणसाचे सात आठवडे म्हणजे किती लोकांचा श्वास, हे गणित मी नंतर केले. वडिलांच्या गोळ्या सहा महिने चालल्या, एकही दिवस न चुकविता. पहिल्या दिवशी लघवी नारिंगी झालेली पाहून ते घाबरून मोरीतूनच ओरडले होते; रिफॅम्पिसिन या औषधाचा तो रंग असतो हे आम्हाला सांगितले होते, पण भीतीत कुणाच्या लक्षात राहिले नव्हते. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी शिरका बंद करायला सांगितला, गोळ्यांनी आधीच पोट बिघडते म्हणून. माग चालविणाऱ्याला पगार मीटरवर मिळतो, त्यामुळे घरी बसलेल्या दिवसांचे काही मिळाले नाही. आई शेजारच्या कारखान्यात कांड्या भरायला जाऊ लागली. सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये खात्यात येत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले, पण वडिलांच्या गोळ्या तोवर संपल्या होत्या. २०२४ च्या जुलैत त्यांना बरे झाल्याचा कागद मिळाला. तो आईने माझ्या बारावीच्या गुणपत्रिकेच्या पिशवीत ठेवला आहे.

त्या वर्षी नवरात्रात बरणी लावायची नाही असे मी ठरविले होते. खालाला हे कळले तेव्हा ती रागावली. तिचे म्हणणे असे की बरणीने कुठे सांगितले होते डॉक्टरकडे जाऊ नका? यावर मला उत्तर सुचले नाही. वडीलच म्हणाले, कर, घशाला बरे असते.

आता आमच्या घरी बरणी असते आणि तिच्या शेजारी भिंतीवर कॅलेंडर. कुणी खोकू लागले की त्या तारखेभोवती गोल करायचा. चौदाव्या घरावर आई आधीच फुली मारून ठेवते, आणि फुलीपर्यंत खोकला थांबला नाही तर थुंकीची डबी आणायला मी जाते. ताप, धाप, छातीत दुखणे, वजन उतरणे किंवा थुंकीत रक्त असले तर फुलीचीही वाट पाहायची नाही. गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरचे ते काका, ज्यांना आमच्या बरणीत दारू वाटली होती, बाटली मागायला आले. आईने बाटली दिली आणि विचारले, “किती दिवस झाले?” त्यांनी बोटे मोजली. दहा. आईने त्यांच्याही नावाचा गोल आमच्या कॅलेंडरवर केला.

यंदाचा शिरका जरा फिका आहे. रसवंतीवाल्याने मी पाठ फिरविल्यावर बर्फ टाकला असावा, असा मला संशय आहे. पुढच्या पाडव्याला समोर उभी राहून रस काढून घेईन. ज्यांना विरजण हवे असेल त्यांनी काचेची बाटली घेऊन यावे, तळाची साय थोडी देता येईल.